माठातील मोगरा : खाण्यापिण्याच्या उपयोगासाठी परसबागेतील लागवड

वैशाखाच्या उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे माठातील गार पाण्याचा तांब्या ठेवावा व त्या पाण्याला मोगऱ्याचा मंद सुवास असावा, हा महाराष्ट्रातील आतिथ्याचा जुना रिवाज आहे. खानदेशात तर त्याचे मोल अधिकच. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जातो आणि त्याच सुमारास मोगरा बहरलेला असतो. आखाजीला नवी घागर घरात येते, तिच्यावर खरबूज व आंबा ठेवून पूजा होते आणि पुढे पाऊस पडेपर्यंत घरोघरी माठांचे व रांजणांचे राज्य चालते. त्या पाण्यात कोणी वाळ्याची जुडी सोडतो, कोणी मोगऱ्याची चार फुले.

ही फुले पूर्वी बहुधा स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगणातील असत. आता ती पुष्कळदा बाजारातून येतात. लग्नकार्यात पंगतीच्या पाण्यासाठी फुलांचा पुडा विकत आणला जातो, किंवा सायंकाळी आणलेल्या गजऱ्यातील उरलेली फुले रात्री माठात टाकली जातात. धोका आहे तो येथे. बाजारात येणाऱ्या मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी व कळीत अंडी घालणारी बारीक माशी यांचा उपद्रव फार होतो. या किडीपासून माल वाचविण्यासाठी बहराच्या दिवसांत बागाईतदारास कीटकनाशकांच्या फवारण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. भाजीपाल्याच्या बाबतीत फवारणी व तोडणी यांमध्ये ठरावीक दिवस जाऊ द्यावयाचे असतात; परंतु बहरात मोगऱ्याची तोडणी जवळजवळ रोज चालते व फूल हे कोणी खाणार नाही असेच गृहीत धरले जाते. यात बागाईतदाराचा दोष मानता येत नाही. त्याने आपला माल केसांत माळण्यासाठी व देवाला वाहण्यासाठी पिकविलेला असतो, पिण्याच्या पाण्यात सोडण्यासाठी नव्हे.

फुले धुऊन घेतली म्हणजे झाले, असे काही जणांस वाटते. वरून बसलेले औषध धुण्याने काही अंशी कमी होते हे खरे. परंतु आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात मिसळून पानाफुलांत शिरतात आणि ती कितीही पाण्याने निघत नाहीत. शिवाय माठातील पाण्यात फूल आठ-दहा तास भिजत असते. म्हणजे फुलावर व फुलात जे असेल ते पाण्यात उतरण्यास पुरेसा वेळ मिळतो, आणि ते पाणी घरातील लहान मुलेही दिवसभर पितात. तेव्हा माठात किंवा खाद्यपदार्थांत घालावयाचा मोगरा घरीच वाढविलेला असावा, हा नियम धरून चालणे इष्ट. त्यासाठी मोठी बाग लागत नाही. चांगली वाढलेली दोन-तीन झुडपे एका कुटुंबाच्या माठास पुरी पडतात.

खरा मोगरा कोणता

लागवडीपूर्वी ओळखीचा प्रश्न येतो आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. पांढरे, सुवासिक व रात्री उमलणारे प्रत्येक फूल खाण्यास योग्य नसते. रातराणीला इंग्रजीत रात्री फुलणारी 'जॅस्मिन' म्हणतात, त्यामुळे ती मोगऱ्याच्या कुळातीलच असावी असा शिकलेल्या लोकांचाही गैरसमज होतो. वस्तुतः रातराणी ही धोतरा व वांगी यांच्या कुळातील वनस्पती असून तिचे सर्व भाग, विशेषतः पांढरी फळे, विषारी असतात. तगर, म्हणजे काही ठिकाणी जिला चांदणी म्हणतात ती, दिसण्यात एकेरी मोगऱ्याची बहीण शोभेल. पण ती रुई-कण्हेरीच्या जवळची आहे व तिच्या फांदीतून पांढरा चीक निघतो. कण्हेरीबद्दल खानदेशातील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

मोगऱ्याची पाने साधी, अंडाकृती, गडद हिरवी व तकतकीत असून एका पेरावर समोरासमोर दोन, क्वचित तीन येतात. फांदी मोडली असता चीक निघत नाही. पांढरा चीक निघाला की ते झाड खाण्याच्या दृष्टीने बाद समजावे. मात्र चीक निघाला नाही म्हणून ते मोगराच, असे उलट अनुमान काढू नये, कारण रातराणीलाही चीक नसतो. रातराणीची पाने अरुंद, लांबट व एकाआड एक असतात, आणि फुले हिरवट पांढरी, बारीक नळीसारखी, झुपक्यांनी येतात. ही दोन झाडे एकदा शेजारी शेजारी पाहिली की पुन्हा चूक होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर महिला मंडळात बोलताना मोगरा, रातराणी, तगर व कण्हेर यांच्या ताज्या डहाळ्या बरोबर न्याव्यात आणि त्या प्रत्येकीच्या हातात द्याव्यात. अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा त्या चार डहाळ्या अधिक काम करतील.

मोगऱ्याची भावंडे म्हणजे जाई व जुई. जाईचे पान अनेक लहान पर्णिकांचे मिळून झालेले असते. जुईच्या पानात मधली पर्णिका मोठी व बाजूच्या दोन कानाच्या पाळीएवढ्या बारीक असतात. याच कानांवरून तिचे शास्त्रीय नाव पडले आहे. या दोहोंची फुलेही सुगंधासाठी वापरता येतात. कुंदाला सुवास फारच थोडा, म्हणून या कामी तो निरुपयोगी.

मोगऱ्यातही पुष्कळ प्रकार आहेत. एकेरी मोगऱ्यास पाकळ्या थोड्या व फूल उघडे असते. बटमोगऱ्यात पाकळ्यांवर पाकळ्या चढून फूल लहानशा गुलाबासारखे भरते. मदनबाणाची कळी लांब व टोकदार असते. माठासाठी एकेरी किंवा थोड्या पाकळ्यांचा मोगरा सोयीचा, कारण तो सहज धुता येतो. बटमोगरा देखणा खरा. पण त्याच्या पाकळ्यांच्या गर्दीत धूळ व बारीक किडे लपून राहतात.

दीपनगरची हवा, माती आणि राख

भुसावळ तालुक्यात फेकरी गावाजवळ दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. येथील व आसपासच्या खेड्यांतील अनेक घरांपुढे थोडी तरी मोकळी जागा असते, आणि मोगऱ्याला लागणारे ऊन तर भरपूर. परंतु या ठिकाणी खाण्यासाठी फुले वाढविताना दोन गोष्टींचा विचार इतर गावांपेक्षा अधिक करावा लागतो.

पहिली गोष्ट राखेची. चुलीतील राख झाडाला घालण्याची आपल्याकडे सवय आहे व त्याच समजुतीने वीज केंद्राची राखही कुंडीच्या मातीत मिसळण्याचा मोह होतो, कारण ती हलकी असते, माती भुसभुशीत करते आणि जवळ मिळते. या दोन राखा एक नव्हेत. लाकडाच्या राखेत प्रामुख्याने चुना व पालाश असतो. दगडी कोळशाच्या राखेत त्याखेरीज आर्सेनिक, शिसे, बोरॉन यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. कोळशाच्या राखेच्या विटा होतात, सिमेंट होते, रस्त्यांच्या भरावात ती वापरतात. शेतातील वापरावरही संशोधन झालेले आहे. परंतु माती व राख यांचे पृथक्करण न करता ती घरातील खाद्यफुलांच्या कुंडीत अंदाजाने घालणे योग्य नव्हे. आणि खानदेशातील काळ्या मातीत लाकडाची राखही मोगऱ्यास देऊ नये. ही माती मुळातच विम्लधर्मी व चुनखडीयुक्त असते. राखेने तिचा विम्ल वाढतो, झाडास लोह मिळेनासे होते व कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पिवळ्या पडलेल्या झाडास लोक आणखी खत घालतात, आणि रोग तसाच राहतो.

दुसरी गोष्ट धुळीची. राखेचे बारीक कण, राष्ट्रीय महामार्गावरील वाहनांची धूळ आणि उन्हाळ्यातील वावटळी यांमुळे पानांवर करडा थर बसतो. पानांवरील थर आठवड्यातून दोनदा पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यास झाड टवटवीत राहते. फुलांचे काय करावयाचे याला मात्र वेगळी युक्ती आहे. ती पुढे तोडणीच्या प्रकरणात दिली आहे.

लागवड

झाडाला रोज निदान पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीतला मोगरा पानांनी भरतो, कळ्यांनी नाही. तथापि पश्चिमेकडील सिमेंटची भिंत मेच्या दुपारी भट्टीसारखी तापते. तिच्याशी चिकटून कुंडी ठेवल्यास कळ्या उमलण्यापूर्वीच करपतात. सकाळचे ऊन व दुपारी तीननंतर सावली अशी पूर्वेकडील जागा कुंडीस उत्तम.

जमिनीत लावावयाचे असल्यास मे महिन्यात ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. नंतर त्यात चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली व निंबोळी पेंड २०० ग्रॅम मातीत मिसळून भरावे. जमीन भारी काळी असेल तर पावसाचे पाणी मुळाशी साचून मूळकूज होते. म्हणून लावणीची जागा सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावी. दोन झाडांत सव्वा मीटर अंतर पुरते. कुंडीसाठी निव्वळ काळी माती घेऊ नये. ती ओली असता चिकट होते व वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी मुळांस न मिळता कडेने वाहून जाते. पोयट्याची माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग व जाड वाळू एक भाग हे मिश्रण चांगले. कुंडी मातीची, ३५ ते ४० सेंटिमीटर तोंडाची व तळाशी छिद्र असलेली असावी. कीटकनाशकाचे किंवा तणनाशकाचे रिकामे डबे कापून त्यांत फुलझाडे लावलेली अनेक खळ्यांत व अंगणांत दिसतात. खाण्याच्या फुलासाठी, किंबहुना कोणत्याही खाद्य वनस्पतीसाठी, असा डबा वापरू नये. तो कितीही वेळा घासला तरी नाही.

रोप कोठून आणावे यालाही महत्त्व आहे. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे ज्याची ओळख पटलेली आहे व ज्यावर फवारणी होत नाही अशा शेजाऱ्याच्या झाडाचे दाब कलम. पावसाळ्याच्या आरंभी जमिनीलगतची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी. पेराच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा तिरपा काप घेऊन तो भाग मातीत दाबावा, वर दगड ठेवावा व माती ओलसर राखावी. दोन ते तीन महिन्यांत मुळ्या फुटतात. मग कलम आईपासून तोडून वेगळे लावावे. तीन पेरांची १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची अर्धपक्व छाट कलमेही पावसाळ्यात रुजतात, मात्र सर्वच लागत नाहीत. रोपवाटिकेतून रोप आणल्यास फूल आलेले रोप पाहून घ्यावे, नावाच्या पाटीवर विसंबू नये. अशा रोपास तेथे दाणेदार विषारी औषध दिलेले असण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्या पहिल्या बहराची फुले केसांत माळावीत, माठात घालू नयेत.

खानदेशात लावणी जून-जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर करावी. उन्हाळ्यात फुले पाहून मोह होतो व रोप विकत घेतले जाते. ते बहुधा पंधरा दिवसांत वाळते. जुलैत लावलेले झाड पुढील उन्हाळ्यात थोडी फुले देते व तिसऱ्या वर्षापासून भरपूर. नीट जपल्यास ते दहा-पंधरा वर्षे टिकते.

पाणी, ताण आणि छाटणी

मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. म्हणून झाडास हिवाळ्यात विश्रांती देऊन मग छाटणे हे या पिकातील मुख्य कौशल्य होय. आणि घरगुती बागेत नेमके तेच केले जात नाही, कारण हिरवेगार झाड कापण्यास हात धजत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करावे. महिनाअखेरीस, फार तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, झाड जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर उंचीवर धारदार कात्रीने छाटावे. वाळलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. उरलेली पाने हाताने उतरवावीत. जानेवारीच्या अखेरीस आळे खणून प्रत्येक झाडास घमेलेभर शेणखत व मूठभर निंबोळी पेंड द्यावी आणि मग पाणी सुरू करावे. असे केल्यास मार्चपासून कळ्या दिसू लागतात व जूनपर्यंत बहर चालतो. बहर ओसरल्यावर जून-जुलैत शेंडे हलके खुडून पुन्हा तितकेच खत द्यावे. युरियाचा हात आखडता ठेवावा. त्याने पाने वाढतात व त्यांवर कीड अधिक येते.

पाने पिवळी पडल्यास प्रतिलिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून पानांवर फवारावे. ही फवारणी कळ्या येण्यापूर्वी किंवा बहर संपल्यावर सायंकाळी करावी.

उन्हाळ्यात पाणी हीच खरी अडचण. कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. ते सतत दिल्यास कुंडीच्या मातीवर पांढरी खपली धरते व पानांच्या कडा जळतात. अशा वेळी तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी साठवून द्यावे. साबणाचे किंवा भांडी घासलेले पाणी देऊ नये. जमिनीतील झाडाशेजारी न रंगविलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून ठेवल्यास पाणी पाझरत राहते व दोन-तीन दिवसांनीच भरावे लागते. मडक्यावर झाकण ठेवावे, नाहीतर त्यात डास होतील. आळ्यावर केळीच्या वाळलेल्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. रावेर, यावल व भुसावळ तालुक्यांत या पानांना तोटा नाही. फक्त ती नुकतीच फवारणी झालेल्या बागेतील नसावीत.

कीड

खाद्यफुलाच्या झाडावर विषारी औषध फवारावयाचे नाही, हे एकदा ठरले की उरतो तो डोळा व हात. दोन-तीन झाडांसाठी ते पुरेसे आहेत. कळी पोखरणारी अळी कळीला भोक पाडून आत शिरते व बारीक धाग्यांनी शेजारच्या कळ्या एकत्र विणते. अशा कळ्या दिसताच तोडून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. काही कळ्या फुगून जांभळट पडतात व न उमलताच गळतात. त्या बारीक माशीच्या होत. या माशीची अळी मातीत उतरून कोष करते, म्हणून गळलेल्या कळ्या झाडाखाली पडू देऊ नयेत व आळ्याची माती आठवड्यातून एकदा वरवर हलवावी. एप्रिल-मेमध्ये पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी येतो व पाने ठिपकेदार, फिकट दिसतात. त्याला कोरडेपणा मानवतो. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा हा त्यावरील साधा उपाय. यापलीकडे गरज पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मात्र त्यानंतर आठवडाभराची फुले खाण्यास घेऊ नयेत, कारण ती कडू लागतात.

घराशेजारी कपाशीचे किंवा केळीचे शेत असल्यास तेथील फवारणीचे तुषार वाऱ्याने अंगणात येतात. त्या दिवशी व पुढील काही दिवस फुले टाकून द्यावीत. शेत स्वतःचेच असेल तर फवारणीपूर्वी झाडावर जुने लुगडे पांघरावे, फवारणीनंतर ते काढून धुवावे.

तोडणी

गुलाबाच्या पाकळीत सुवास आधीपासून साठलेला असतो. मोगऱ्याचे तसे नाही. त्याची कळी उमलू लागली म्हणजेच सुवास तयार होतो व उमलत असेतो तयार होत राहतो. पूर्ण वाढलेली कळी तोडली तरी तिचे हे काम थांबत नाही. या गुणाचा मोठा उपयोग चीनने केला. तेथील फुजियान प्रांतातील फूचौ शहराच्या आसपास मोगऱ्याच्या कळ्यांनी चहा सुवासिक करण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला असून, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१४ साली तेथील मोगरा व चहा यांची ही जोडपद्धती जागतिक महत्त्वाच्या कृषि-वारशांत समाविष्ट केली. तेथे कळ्या दुपारनंतर तोडतात आणि त्या रात्री चहाच्या पानांतच उमलतात.

दीपनगरच्या धुळीवरील युक्ती हीच. उमललेले फूल रात्रभर झाडावर राहिले की त्याच्या पाकळ्यांत धूळ, राखेचे कण, मुंग्या व किडे शिरतात. कळी मिटलेली असते तोपर्यंत आतील भाग स्वच्छ असतो. म्हणून फूल न तोडता कळी तोडावी. सायंकाळी चार ते सहाच्या दरम्यान टपोऱ्या, दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या कळ्या तेवढ्या खुडाव्यात. हिरवट झाक असलेल्या कळ्या तोडल्यावर उमलत नाहीत. कळ्या स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून वरची धूळ काढावी, कोरड्या सुती कपड्यावर टिपाव्यात व पितळी किंवा स्टीलच्या ताटात एकेरी थराने पसरून वर पातळ मलमल झाकावी. दिवेलागणीनंतर तास-दोन तासांत त्या उमलू लागतात व खोली दरवळते. मग प्रत्येक फुलाचा हिरवा देठ व त्यालगतची हिरवी दले काढून टाकावीत. ती कडू असतात.

उपयोग

दहा लिटरच्या माठास दहा-बारा फुले पुरतात. अधिक घातल्यास पाण्याला उग्र वास व तुरटपणा येतो. फुले रात्री सोडावीत व सकाळी न विसरता काढावीत. दुपारपर्यंत राहिलेली फुले तपकिरी होऊन पाणी नासवितात. फुलाने पाणी सुवासिक होते, शुद्ध होत नाही. तेव्हा माठात भरलेले पाणी आधीच पिण्यास योग्य, म्हणजे उकळलेले किंवा शुद्धीकरण केलेले असले पाहिजे. नळाच्या पाण्यास क्लोरिनचा वास येत असल्यास ते काही तास कापडाने झाकून ठेवावे व मग फुले घालावीत. माठ दर दोन-तीन दिवसांनी आतून घासून उन्हात वाळवावा.

काही व्यक्तींच्या बाबतीत सावधगिरी हवी. स्तन्य आटविण्यासाठी मोगऱ्याची फुले छातीवर बांधण्याचा जुना प्रघात भारतात आहे. म्हणून अंगावर पाजणाऱ्या मातेस हे पाणी देऊ नये. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासाठी साधे पाणीच ठेवावे. ज्यांना फुलांच्या वासाने शिंका किंवा दमा होतो त्यांनीही ते टाळावे. यासाठी घरात दुसरा लहान माठ असणे सोयीचे. ज्या पंगतीत शेकडो माणसे बसतात तेथे अशी विचारपूस शक्य नसते, त्यामुळे तेथे साधे पाणी हेच बरे. गजऱ्याच्या फुलांचे पाणी तर मुळीच नको.

साखर सुवासिक करणे सोपे आहे. काचेच्या कोरड्या बरणीत पाव किलो साखर व वीस-पंचवीस नुकतीच उमललेली कोरडी फुले यांचे थर द्यावेत, झाकण लावून रात्रभर ठेवावे व सकाळी फुले चाळून काढावीत. ओलसर झालेली साखर ताटात पसरून सुकवावी. असे तीन रात्री नव्या फुलांनी केले की साखरेस पक्का वास बसतो. लिंबाच्या सरबतास व श्रीखंडास ती शोभते. पाक करावयाचा असल्यास फुले उकळत्या पाकात टाकू नयेत. पाक कोमट झाल्यावर टाकून झाकावीत, कारण उष्णतेने सुवास उडून जातो.

चहासाठी १०० ग्रॅम पत्ती चहास २५ ते ३० ग्रॅम उमलू लागलेल्या कळ्या घेऊन त्या चहात मिसळून रात्रभर झाकून ठेवाव्यात. सकाळी फुले वेचून काढावीत व चहा घरातच, सावलीत, कागदावर पसरावा. फुलांतील ओल चहाने शोषलेली असते व तो तसाच डब्यात भरल्यास बुरशी येते. खानदेशातील उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की काही तासांत तो खडखडीत वाळतो. चीनमध्ये या कामासाठी भट्टी लावावी लागते. हा चहा मात्र दुधाशिवाय, उकळत्या नव्हे तर किंचित निवालेल्या पाण्यात भिजवून घ्यावयाचा असतो. दूध, साखर व आले घालून खळाखळा उकळणाऱ्यांनी त्यासाठी मोगरा खर्ची घालू नये.

जूनअखेर पाऊस लागला की मोगऱ्याचा बहर ओसरतो व भिजलेल्या कळ्या लवकर कुजतात. त्या काळात जुईच्या व पुढे जाईच्या कळ्या याच रीतीने वापरता येतात. त्या लहान व नाजूक असल्याने दहा लिटरच्या माठास पसाभर लागतात, आणि त्यांचा देठ काढण्यात बराच वेळ जातो.